लाटणाऱ्या सोळा, तवा एक

प्रश्न थोडक्यात असा : वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या घाऊक वितरणाचा धंदा. बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर ओळखीच्या प्रोग्रामरने लिहून दिलेलं. महिनाअखेरीचा बॅचवार शिल्लक आणि एक्स्पायरीचा रिपोर्ट जुन्या चार कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) मशीनवर ३ तास ४० मिनिटं घ्यायचा. आता सोळा कोअरचं मशीन आणलं, तर तोच रिपोर्ट ३ तास १० मिनिटांनी निघतो. "कोअर चौपट झाले, वाचला अर्धा तास. डेटाच्या कामाला मल्टिकोअरचा खरंच उपयोग होतो, की नुसतं मशीन माझ्या गळ्यात मारलं?"

मशीन चांगलं आहे. फक्त तुमचं काम प्रोसेसरकडे अडलेलंच नव्हतं, आणि विकणाऱ्याने ते विचारलं नाही.

आमच्या पाचपाखाडीत एक पोळीभाजी केंद्र आहे. संध्याकाळी रांग वाढायला लागली म्हणून काकूंनी लाटायला आणखी दोन बायका ठेवल्या. रांग तेवढीच राहिली, कारण तवा एकच होता. लाटलेल्या पोळ्या परातीत साठून एकमेकींना चिकटायला लागल्या, तो उपद्व्याप वेगळाच. गेली बावीस वर्षं मी ऐरोली, महापे, तुर्भे, वागळे असा फिरून 'सॉफ्टवेअर स्लो आहे' ही एकच तक्रार ऐकतोय, आणि दहातल्या सात वेळा मामला हाच असतो.

आता तुमचे आकडे. नव्या मशीनवर रिपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १-२ टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसते, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून तुम्ही अर्थ काढलात की मशीनची ताकद वाया चाललीय, ती कुठल्यातरी सेटिंगने 'उघडायची' राहिलीय. हा टक्का कसा वाचायचा ते आधी सांगतो, कारण इथे भलेभले फसतात.

तुमच्याकडे २४ लॉजिकल प्रोसेसर दिसतात. सोळा कोअरवर २४ कसे? इंटेलने २०२१ च्या बाराव्या पिढीपासून डेस्कटॉपवर मोठे आणि छोटे कोअर एकत्र द्यायला सुरुवात केली. आठ मोठे, त्यांवर प्रत्येकी दोन थ्रेड (थ्रेड म्हणजे कामाची एक सलग ओळ). आठ छोटे, त्यांवर एकेक. म्हणजे तुमचे सोळाही सारखे नाहीत, आणि २४ तर मुळीच नाहीत. एखादा प्रोग्राम एकाच थ्रेडवर जिवाच्या आकांताने पळत असेल, तर टास्क मॅनेजर १०० भागिले २४, म्हणजे ४ टक्के दाखवणार. माणूस बघतो आणि म्हणतो, 'प्रोसेसर तर रिकामाच आहे.' रिकामा नाही, एक कोअर घामाघूम झालाय आणि बाकीचे कट्ट्यावर बसलेत. त्यात विंडोज तो एकटा थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे आलेखात कुठेच पूर्ण भरलेला चौकोन दिसत नाही. तेव्हा पहिली खूण लक्षात ठेवा : तुमच्या मशीनवर आकडा ४ च्या आसपास चिकटून बसला, तर काम एकाच थ्रेडवर आहे. आणि १-२ वर घुटमळत असेल, तर तो एक थ्रेडसुद्धा काम करत नाहीये, कशाची तरी वाट बघत उभा आहे.

कशाची, ते तुम्हीच लिहिलंय, तेही जाता जाता. 'डेटा हलवायची जोखीम नको म्हणून जुनी हार्डडिस्क तशीच नव्या मशीनमध्ये लावली.'

मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्डडिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. फिरत्या चकतीवर हवी ती जागा वाचणाऱ्या मुंडीखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात, शिवाय मुंडी सरकायला वेळ वेगळा. म्हणून इकडेतिकडे विखुरलेल्या जागा वाचायच्या झाल्या तर सेकंदाला शंभरेक वाचनं, यापलीकडे ती जात नाही. सलग वाचायला सांगा, तीच डिस्क सेकंदाला १५० एमबी देते. तुमचा डेटा ७ जीबी. म्हणजे सगळाच्या सगळा एकदा सलग वाचायला पाऊण मिनिट पुरे. मग तीन तास जातात कुठे?

प्रोग्रामरने पाठवलेला कोड बघितला. चाळीस हजार बॅचेस, आणि एकेक बॅच घेऊन तिची खरेदी शोध, विक्री शोध, परतावा शोध, बेरीज-वजाबाकी कर, पुढची घे, असं कर्सर लावून लिहिलंय. एका बॅचमागे डिस्कवर वीस उड्या पडतात असं धरलं, तर ८ लाख उड्या. सेकंदाला शंभर म्हणजे ८००० सेकंद, सव्वादोन तास. तुमच्या लॉगमध्ये मधल्या टप्प्याला १४० मिनिटं दिसतात, ती हीच. इथे सोळा काय, एकशे अठ्ठावीस कोअर लावले तरी चकती त्याच वेगाने फिरणार. उलट सोळा थ्रेडने एकाच वेळी सोळा ठिकाणी मुंडी पळवायला सांगितली, तर सलग वाचन होऊ शकलं असतं तेही मोडतं.

त्यात आणखी एक मेख आहे, आणि ती मशीन विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नव्हती. तुमचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१९ ची मोफत एक्सप्रेस आवृत्ती आहे. तिच्या अटी जाहीर आहेत : एक सॉकेट (म्हणजे एक प्रोसेसर) किंवा ४ कोअर, जे कमी असेल ते; डेटाच्या पानांसाठी १४१० एमबी मेमरी; आणि एका डेटाबेसला १० जीबीची कमाल मर्यादा. तुम्ही ३२ जीबी रॅम घातलीत, पण डेटाबेस त्यातली जेमतेम दीड जीबी डेटासाठी वापरणार. हे इंजिन विंडोजच्या फाइल-कॅशला (विंडोज फाइली रॅममध्ये धरून ठेवतं त्या जागेला) वळसा घालून थेट डिस्कवर जातं, त्यामुळे उरलेली रॅम अप्रत्यक्षपणेही कामी येत नाही. ७ जीबीचा डेटा दीड जीबीच्या फळीवर मांडायचा, म्हणजे एक पान काढून दुसरं ठेवायचं, आणि पाच मिनिटांनी पहिलंच परत आणायचं. शिवाय एक्सप्रेसमध्ये एका क्वेरीचे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाचे, तुकडे करून ते अनेक कोअरवर वाटले जातच नाहीत. चार वेगवेगळ्या क्वेऱ्या चार कोअरवर चालतील, पण एक रिपोर्ट म्हणजे एक कोअर. तुमचे चारच्या वरचे बारा कोअर त्या डेटाबेसच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत.

'पण मग कंपन्या कोअर वाढवत का सुटल्या?' हा तुमचा उपप्रश्न रास्त आहे. २००४ पर्यंत सरळ मामला होता : दर दोन वर्षांनी जास्त गिगाहर्ट्झचा प्रोसेसर यायचा आणि जुना प्रोग्राम न बदलता पळायला लागायचा. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारा व्होल्टेजही उतरायचा, त्यामुळे वेग वाढवूनही उष्णता आटोक्यात राहायची. हे गणित आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्येच मांडलं होतं. पुढे व्होल्टेज उतरायचा थांबला, विजेची गळती वाढली, चिप तापायला लागली. पेंटियम ४ ची गाडी ३.८ गिगाहर्ट्झवर अडली आणि ४ गिगाहर्ट्झचं जाहीर झालेलं मॉडेल इंटेलने २००४ मध्येच रद्द केलं. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांचे दोन कोअरवाले डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले. ट्रान्झिस्टर वाढत होते, ते कुठेतरी वापरायला हवे होते, म्हणून कोअर वाढले. सॉफ्टवेअरवाल्यांना कोणी विचारलं नाही; त्यांच्या अंगावर काम वाटून घ्यायची जबाबदारी येऊन पडली, आणि बऱ्याच जणांनी ती अजून उचललेली नाही.

समजा डिस्कची भानगड नाही, एक्सप्रेसची अटही नाही, आणि मधली १४० मिनिटं निव्वळ हिशेबाची आहेत. तुमच्या १९० मिनिटांत सुरुवातीची २५ डेटा गोळा करण्याची आणि शेवटची २५ एक्सेलची फाइल बनवण्याची. ही पन्नास मिनिटं एकामागून एकच चालतात. मधला भाग सोळांमध्ये अगदी समसमान वाटला गेला तर १४० ची होतील पावणेनऊ मिनिटं. एकूण झाली ५९. सोळापट कोअर, सव्वातीनपट वेग. कोअर हजार केले तरी ती पन्नास मिनिटं हटत नाहीत, म्हणजे चौपटही कधी गाठणार नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. कागदावर दोन ओळींचा आहे, पण मशीनची ऑर्डर देण्याआधी तो कोणी मांडून बघितल्याचं माझ्या पाहण्यात फारसं नाही.

हे उलट्या बाजूने अंगावर आलेलंही मी पाहिलंय. तुर्भ्याला एका गोदामवाल्यांनी ३.६ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा सर्व्हर काढून २.१ गिगाहर्ट्झचा दोन सॉकेटचा, चोवीस कोअरचा सर्व्हर आणला. दोन तासांचा रिपोर्ट पावणेतीन तासांवर गेला. मालक हवालदिल, पुरवठादार म्हणे 'ड्रायव्हर बघावे लागतील'. ड्रायव्हर वगैरे काही नव्हतं. काम एका थ्रेडचं होतं आणि तो एक थ्रेड आता मंद कोअरवर पळत होता. आम्ही कर्सर काढून टाकला, बॅच आणि तारखेवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी) टाकला, सगळ्या शिल्लका एकाच गटवार क्वेरीत काढल्या. चार मिनिटं. तेही आधी जुन्या सर्व्हरवर करून दाखवलं, तेव्हा मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता. बिल मात्र त्यांनी दोन महिन्यांनी दिलं.

डिस्क बदलली, डेटा रॅममध्ये मावला, म्हणजे सुटलो असंही नाही. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरचा एक ठोका नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा. रॅममधून एक आकडा मागवायचा तर ८० ते १०० नॅनोसेकंद, म्हणजे कोअरचे अडीचशे-तीनशे ठोके नुसते वाट बघण्यात जातात. म्हणून कोअरजवळ कॅश, म्हणजे छोटी पण जलद मेमरी असते, आणि रॅममधून डेटा येतो तो ६४ बाइटच्या घासात. आता तुम्हाला फक्त 'रक्कम' हा रकाना बेरजेला हवाय, पण टेबलची एक ओळ २०० बाइटची आहे. आठ बाइटच्या एका रकमेसाठी अख्खा घास उचलला जातो, बाकीचे छप्पन्न बाइट फुकट. तोच रकाना सलग साठवला असेल तर एका घासात आठ रकमा येतात. डकडीबीसारखी रकान्यांनी साठवणारी इंजिनं एकाच कोअरवरसुद्धा चकित करतात, त्यामागे ही मांडणी मोठा वाटा उचलते. डेटाच्या कामात मांडणी आधी, कोअर नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तवे मोजा. डीडीआर४-३२०० रॅमचं एक चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली एक वाट, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देतं. डेस्कटॉप प्रोसेसरला अशी दोन चॅनेल असतात, म्हणजे ५१.२. सोळा कोअर एकदम मोठं टेबल चाळायला लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.२ जीबी येतात, आणि एकटा कोअर याच्या कितीतरी पट ओढू शकतो. म्हणजे तीन-चार कोअरमध्येच रॅमची वाट भरून जाते, बाकीचे ताटकळतात. तुमच्या बिलावर '३२ जीबी × १' लिहिलंय. एकच स्टिक म्हणजे एकच चॅनेल. १६ च्या दोन घातल्या असत्या तर जवळपास त्याच पैशात वाट दुप्पट रुंद झाली असती. मशीन जोडणारे 'पुढे वाढवायला स्लॉट मोकळा राहील' असं सांगून एकच स्टिक घालतात. डेटाच्या कामाला हा सल्ला चुकीचा आहे. सर्व्हरच्या प्रोसेसरला आठ किंवा बारा चॅनेल का देतात आणि तो महाग का पडतो, त्याचं एक कारण हेच. तुम्ही कोअरची संख्या बघून डेस्कटॉप आणि सर्व्हर यांची तुलना केलीत, चॅनेल बघायचे राहिले.

थ्रेड वाढवून काम मंद होतं, याचा माझा स्वतःचा किस्सा आहे. महाप्याला नोकरीत असताना मोजणीचा एक प्रोग्राम मी मोठ्या ऐटीत चार थ्रेडमध्ये वाटला. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा मोजणी-आकडा, म्हणजे लॉकची (एका वेळी एकालाच आकडा बदलू देणाऱ्या कुलपाची) कटकट नाही. तो एका थ्रेडपेक्षा हळू चालला. दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधत होतो. चारही आकडे मी एका अॅरेमध्ये शेजारी शेजारी ठेवले होते, ते एकाच ६४ बाइटच्या घासात बसत होते. एका कोअरने आपला आकडा बदलला की बाकी तिघांच्या कॅशमधली ती प्रत रद्द, पुन्हा मागवा. आकडे वेगळे, पण ताट एक, आणि चौघे ते आपल्याकडे ओढतायत. मधे रिकामी जागा सोडून चौघांना चार वेगळ्या घासांत बसवलं आणि प्रोग्राम सुटला. बॉसला सांगताना मी 'थोडं ट्यूनिंग केलं' एवढंच म्हणालो.

मग मल्टिकोअर खरोखर कुठे कामाला येतो? तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतील तिथे तो पैसे वसूल करून देतो. स्कॅन केलेली हजारो बिलं छोटी करणं, व्हिडिओचं रूपांतर. फाइल दाबणं : साधं जीझिप एका कोअरवर चालतं, पण पिगझ तेच काम सगळ्या कोअरवर वाटतं, उघडताना मात्र तो फायदा जवळपास मिळत नाही, कारण पुढचा भाग मागच्यावर अवलंबून असतो. पोस्टग्रेस या डेटाबेसने २०१६ च्या ९.६ आवृत्तीत एक क्वेरी अनेक कोअरवर वाटायला सुरुवात केली. दहाव्या आवृत्तीपासून ते आपोआप चालू असतं, पण एका क्वेरीला दोनच मदतनीस देण्याची मूळ सेटिंग असते, ती वाढवल्याशिवाय बत्तीस कोअरचा सर्व्हरही तीन हातांनीच काम करतो. एक्सेल २००७ पासून फॉर्म्युल्यांची फेरमोजणी अनेक थ्रेडवर करतं, मॅक्रो मात्र एकाच थ्रेडवर. तुमचा शेवटचा २५ मिनिटांचा टप्पा मॅक्रोचा आहे, बरं का. पायथनमध्ये लिहून घ्यायचा विचार असेल तर तिथेही साध्या थ्रेडने हिशेब पळत नाही, एक जागतिक लॉक आड येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये ते काढलेली आवृत्ती प्रायोगिक म्हणून आली, पण तुमच्या धंद्याच्या हिशेबावर प्रयोग नको.

आणि सगळ्यात मोठा, पण कोणाच्या लक्षात न येणारा फायदा म्हणजे गर्दी. एक रिपोर्ट लवकर निघणार नाही, पण बिलिंगच्या आठ खिडक्या, टॅलीत भरणारा अकाउंटंट आणि तुमचा रिपोर्ट एकमेकांच्या पायात येणार नाहीत. डिस्कचा चिमटा सुटला की हे तुम्हाला पहिल्याच महिनाअखेरीला जाणवेल. घाऊक धंद्यात कधीकधी हेच जास्त मोलाचं असतं.

उद्या एक्सप्रेस सोडून पैसे भरून आवृत्ती घ्यायची वेळ आली, तर आणखी एक गोष्ट. एसक्यूएल सर्व्हरचा परवाना २०१२ पासून मुख्यतः कोअरवर मोजतात, एका प्रोसेसरला किमान चार. कोअर जास्त म्हणजे परवाना महाग. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला कमी कोअरचा पण जास्त गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सुचवतो. विकणारे नाराज होतात.

आता तुम्ही काय करायचं ते. मशीन परत करू नका. आधी प्रोग्रामरला बोलावून कर्सर काढायला लावा आणि विक्रीच्या टेबलवर बॅच क्रमांकाचा इंडेक्स आहे का ते बघा. कोडवरून तरी तो असल्यासारखं वाटत नाही. याला पैसे लागत नाहीत, त्याचा एक रविवार जाईल. मग डेटाबेस एका एनव्हीएमई एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या जलद डिस्कवर, हलवा. जोखमीची भीती असेल तर पूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या नावाने उघडून बघा, एक रिपोर्ट दोन्हीकडे काढा, रुपया-पैशापर्यंत जुळला की मगच बिलिंग तिकडे वळवा. रॅमची दुसरी स्टिक सगळ्यात शेवटी, आणि तीही पहिलीच्याच जातीची. प्रत्येक बदलानंतर तिन्ही टप्प्यांची मिनिटं वेगवेगळी लिहून ठेवा. दोन बदल एकदम केलेत तर कशाने काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.

जुनी हार्डडिस्क टाकू नका. ती सलग लिहायला अजून चांगली आहे. रोज रात्री दुकान बंद झाल्यावर बॅकअप तिच्यावर घ्या, सात जीबीला मिनिटभर लागेल.